परवान्याची मेंढी

सभेत मला डुलकी लागते हे अख्ख्या ताश-बुलुंगला ठाऊक आहे. लागते तर लागते, कोणाच्या बापाचं काय जातं? पालिकेच्या त्या खोलीत शेगडी नेमकी माझ्या पाठीशी आणि खिडकी समोर. खिडकीतून सरोवर दिसतं. हिवाळ्याच्या तोंडाशी हवा कडक गार होते, पण आमचं सरोवर काही गोठत नाही. पाणी सगळा उन्हाळा पोटात धरून बसतं, आणि मग सकाळभर त्यावरून वाफ उठत राहते. पलीकडचे डोंगर त्या वाफेवर अधांतरी असतात. कधी असतात, कधी नसतात. अशा खिडकीसमोर बसवायचं, वर ओमुरझाकचं भाषण ऐकवायचं आणि म्हणायचं, बाई, जागी राहा!

ओमुरझाक आमचा अध्यक्ष. माणूस वाईट नाही. फक्त एकच वाक्य दोनदा बोलल्याशिवाय त्याला ते खरं वाटत नाही.

त्या दिवशी विषय होता दारूच्या परवान्याचा. खाणावळींनी आणि हॉटेलांनी दारू विकायची तर वर्षाचे किती पैसे गावाला भरायचे, हे आजवर वरून ठरून यायचं. आता वरच्यांनी हात झटकले होते. गाव तुमचं, पिणारे तुमचे, दर तुम्हीच ठरवा म्हणाले, आणि नव्या वर्षाच्या आत ठरवा.

"सगळ्यांना एकच दर," ओमुरझाक म्हणाला. "एकच दर सगळ्यांना. म्हणजे कोणी कोणाकडे बोट दाखवायला नको."

"आणि तो जबर ठेवा," कादिरकुल आजोबा म्हणाले. आजोबा आमच्या पालिकेतले सगळ्यांत वडील, दाढी पांढरीशुभ्र, पाच वेळा नमाज पढणारे. "जबर ठेवा, म्हणजे निम्मे दारू विकणंच सोडतील. घोडीच्या दुधाचा कुमिस प्या म्हणावं."

"कुमिसनं चढत नाही काय आजोबा?" मी म्हटलं. "लग्नात तुम्हालाच घोड्यावर उलटं बसलेलं बघितलंय मी."

"ते औषध आहे," आजोबा गंभीरपणे म्हणाले. "त्याला परवाना लावायचा असेल तर घोडीला लावा."

सगळे हसले आणि ओमुरझाकनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. एकच दर, सगळ्यांना. ऐकायला किती गोड वाटतं. मला मात्र ऐकता ऐकता आसिलकानची खाणावळ दिसायला लागली.

जुन्या धक्क्यापाशी तिची खाणावळ आहे. चार टेबलं, एक चूल, दाराला जाड घोंगडीचा पडदा. उन्हाळ्यात शहरातली माणसं येतात ती तिच्याकडे फिरकत नाहीत. ती जातात जुमादिलच्या हॉटेलात, 'पांढऱ्या बोटी'त. काचेच्या भिंती, गाणं-बजावणं, पाण्यावर तरंगणारे दिवे. उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत जुमादिल जे कमावतो त्यावर उरलेलं वर्ष तो ताडपत्री टाकून आरामात झोपतो. आणि बाकी सगळं बंद झालं, वाफेत गाव बुडालं, की उघडी असते ती एकटी आसिलकान. ट्रकवाले, मासेमारीवाले, बायकोशी भांडून आलेले, बायको नसलेले, सगळे तिच्याकडे. ती पेला भरते आणि पेल्याकडे नाही, माणसाकडे बघते. "बास झालं तुझं," म्हणते, आणि वाटीभर गरम रस्सा पुढ्यात ठेवते. रस्सा संपल्याशिवाय कोणाला उठू देत नाही. रस्त्यापर्यंत सोडायला स्वतः जाते.

ही खाणावळ नव्हती तेव्हा माणसं किनाऱ्यावर बसून प्यायची, गाडीच्या आडोशाला. माझा धाकटा भाऊ असाच पीत बसला आणि तिथंच झोपला. सकाळी वाफ विरली तेव्हा दिसला, गोठलेला. त्याच वर्षी आसिलकाननं धक्क्यावरची ती पडकी खोली घेतली आणि चूल मांडली. माझ्याशी त्यावर एक अक्षर बोलली नाही. बोलायला कशाला हवं?

आता हा एकच दर जुमादिलला चिमूटभर आणि तिच्या मानेवर जोखड. सगळ्यांना ते कळत होतं, मलाही कळत होतं, पण कसं सांगायचं ते सुचेना. असं सुचेनासं झालं की मला झोप येते.

डोळा लागला. म्हणजे आवाज ऐकू येत होते, पण पाण्याखालून आल्यासारखे. वाफ खिडकीतून आत आली आणि खोलीत कोणी उरलं नाही. मग वाफ थोडी फाकली आणि खाली किनारा दिसला, पण तो किनारा नव्हता. लांबच लांब चादर अंथरलेली, आणि तिच्यावर शिजवून मांडलेली एक भलीमोठी मेंढी. 'पांढऱ्या बोटी'च्या जागी खुब्याचं हाड, मांसानं गच्च. बसथांब्यापाशी खांद्याचं, फऱ्याचं हाड. धक्क्यावर एक बारीक बरगडी, तिच्यातून धूर येतोय. आणि ओमुरझाक हातात कुऱ्हाड घेऊन येतोय. हाडं न बघता तो मेंढीचे तुकडे करतोय, सगळे सारखे, विटांसारखे. "एकच, सगळ्यांना," म्हणतोय.

"ओमुरझाक! मेल्या, मेंढी अशी वाटतात होय रे?"

मी हे झोपेत ओरडले की जागी होऊन, देव जाणे. खोली परत आली होती आणि सगळे माझ्याकडे आ वासून बघत होते.

"कुलिपा एजे," ओमुरझाक म्हणाला. मी त्याच्या थोरल्या बहिणीच्या वयाची, म्हणून एजे. "पुन्हा डोळा लागला वाटतं?"

"लागला म्हणूनच दिसलं. सांग ना, तुझ्या घरी उद्या मेंढी कापली, तर सगळ्यांना सारखे तुकडे देशील? वजन करून?"

तो इतका दचकला की वाक्य एकदाच बोलला. "जीव जाईल पण असं करणार नाही."

आणि खरंच नाही करणार तो. आमच्यात मेंढीच्या प्रत्येक हाडाचा धनी ठरलेला असतो, त्याला उस्तुकान म्हणतात. खुब्याचं हाड मानानं सगळ्यांत मोठ्याला, मांडीची नळी त्याच्या खालच्याला, असं उतरत उतरत बरगड्यांपर्यंत. चुकीचं हाड पुढ्यात आलं म्हणून आजोबांच्या काळापासून एकमेकांशी न बोलणारी घराणी आहेत इथं. आणि या वाटणीत ओमुरझाकचा हात धरणारा कोणी नाही. शंभर माणसं जेवायला बसली तरी कोणाचं मन दुखवत नाही तो.

"मग ही पण मेंढीच समज," मी म्हणाले. "मोठ्याला मोठं हाड, बारक्याला बारकं. ज्याच्या पुढ्यात जेवढं मांस, त्यानं तेवढं भरायचं."

खोलीत गलका झाला. कादिरकुल आजोबांनी मांडीवर थाप मारली. "सभेत झोपणारीला सुचलं आणि जागे होते ते उंटावरून शेळ्या हाकत बसले!" घटकाभरात सगळा किनारा हाडाहाडांनी वाटून झाला. मी परत खिडकीकडे तोंड केलं. डोंगर दिसत होते. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटत होतं की काय सांगू.

पुढच्या आठवड्यात सगळ्या खाणावळवाल्यांना बोलावलं. जुमादिल आरडाओरडा करणार हे ठरलेलं होतं. ओमुरझाकनं घसा साफ करून त्याला सांगितलं, "बाबा रे, तुला खुब्याचं हाड आलंय. सगळ्यांत जास्त तुला."

जुमादिलनं तोंड उघडलं. मिटलं. मग आजूबाजूला बघितलं आणि हळूहळू त्याची छाती फुगायला लागली.

"खुब्याचं? म्हणजे गावात माझं पहिलं?"

"पहिलं."

"मग ठीक आहे," तो म्हणाला. "मान दिलात तर पैशाचं काय!"

हे ऐकलं आणि बसथांब्यावरचा कबाबवाला ताडकन उठला. "मला फऱ्याचं का? मांडीची नळी द्या. माझ्याकडे काय गर्दी कमी असते?" त्याच्या शेजारच्यानंही आवाज चढवला. अहो, माणसं दर वाढवून मागत होती! ओमुरझाक घामाघूम झाला आणि मी रुमालात तोंड लपवून हसत होते. हसा म्हणावं, बाई, हसून घ्या.

"आणि मला काय?" मागून आवाज आला.

आसिलकान दाराशी उभी होती. हाताला कांद्याचा वास, डोक्याला तिचा तो निळा रुमाल. मी तिच्याकडे बघून डोळे मिचकावले. ही सगळी मेंढी तिच्यासाठीच तर कापली होती.

"तुला, एजे, बरगडी," ओमुरझाक म्हणाला. "शेवटची. बारीक आहे, तुला काही जड जाणार नाही."

तिनं रुमालाची गाठ घट्ट केली.

"बरगडी," मग म्हणाली. "पोरीसोरींचं हाड."

"अगं हाड काय बघतेस, दर बघ!" मी म्हणाले. माझ्या जिभेला कधी हाड नसतं, तेव्हाही नव्हतं. "काहीच नाही म्हण ना. फुकटच आहे!"

हा 'फुकट' शब्द माझ्या तोंडून पडला आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी मिटलं, हे मी बघितलं. पण शब्द निघून गेला होता.

"मी फुकट मागायला आले नाही," ती म्हणाली. "हा जुमादिल किनाऱ्यावरच्या जुन्या आरोग्यधामाच्या स्वयंपाकघरात माझ्या हाताखाली पातेली घासायचा. धड घासायचा नाही, ते जाऊ दे. त्याला खुबा आणि मला बरगडी?"

"एजे, पातेली नीट घासायचो हां मी," जुमादिल म्हणाला. कोणी हसलं नाही.

"या किनाऱ्यावर पहिली चूल कोणाची? थंडीत उघडं कोण असतं? मेंढीला खुब्याची हाडं दोन असतात ना रे, ओमुरझाक? एक जुमादिलचं. दुसरं माझं. तो भरेल तेवढंच मी भरेन."

दार ढकलून ती गेली सुद्धा. बाहेरची वाफ आत आली. आमच्यात एखाद्यानं मान सगळ्यांसमोर आपला म्हटला की तो नाकारणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं. आणि दिला तर? तर वसंत ऋतू यायच्या आत तिच्या दाराला कुलूप. करायला गेले एक आणि होऊन बसलं भलतंच. एका दरानं ती बुडाली असती तर निदान सरकारला शिव्या देता आल्या असत्या. आता तिला बुडवायला मी माझ्या हातानं मेंढी कापली होती.

दुपारी मी धक्क्यावर गेले. वाफ उतरली नव्हती. धक्क्याच्या फळ्या चार पावलांपुढं दिसेनाशा होत होत्या, आणि चालताना वाटत होतं की आपण पाण्यावरच चाललोय, खाली काही नाही. तिच्या चुलीचा धूर वाफेत मिसळून गेला होता. वासावरूनच दार सापडलं.

आत कोणी नव्हतं. ती पीठ मळत होती. मी बसले. तिनं चहा दिला नाही, यावरून काय ते समजले.

"आसिलकान, वेडेपणा करू नकोस."

"वेडी मी कशाला? शहाण्या तुम्ही. झोपेत कायदे करता."

"तेवढे पैसे तू आणणार कुठनं?"

"गाय विकेन."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी मी इथं नाही." तिनं पिठाचा गोळा दाणकन आपटला. "पोरगी मॉस्कोला बोलावतेय. तिच्या इमारतीत मजले पुसायला बाई हवी आहे. एक वर्ष खुब्याचं हाड भरीन, दाराला कुलूप लावीन आणि जाईन."

"मजले पुसशील, पण बरगडी घेणार नाहीस?"

"तिथं मला कोण ओळखतं?" ती म्हणाली. "तिथं मी बरगडी खाल्ली काय आणि खूर चघळला काय. इथं नाही, कुलिपा. इथं सगळे बघतात."

सुंभ जळेल, पण पीळ म्हणून जळायचा नाही. मला तिला गदागदा हलवावंसं वाटत होतं. मला असंही म्हणायचं होतं, की तू गेलीस तर मी कोणाशी भांडू? संध्याकाळी कोणाच्या दारात जाऊन बसू? आरोग्यधामाच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघी पोरसवदा होतो, एकाच पातेल्यातलं खरवडून खाल्लंय. तिच्याशिवाय हे सरोवर, हे डोंगर मला नको होते. पण मी म्हणाले काय, तर "जा मग, तुझं नशीब." आणि उठून आले. घरापर्यंत रस्ता दिसत नव्हता. वाफेमुळंच असेल.

दर ठरला की त्यावर जेवण होतं आणि वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद होतो, त्याशिवाय ठराव पक्का नाही. जेवण ओमुरझाककडे होतं. त्याच्या घरी मोठ्या खोलीत चादर अंथरली होती, तिच्यावर तळलेल्या पिठाच्या बोरसोकचे ढीग, जर्दाळू, सफरचंदं. सगळे आपापल्या जागी बसले. दारासमोरच्या वरच्या अंगाला कादिरकुल आजोबा, त्यांच्या डावीकडे बायकांत मी पहिली. आसिलकानही आली होती. न येणं शोभलं नसतं. ती माझ्या खालच्या जागेवर बसली आणि माझ्याकडे न बघता भाकरी मोडायला लागली.

मांस आलं. खोलीभर वाफ झाली, मटणाच्या रश्शाची, गोड जड वाफ. खिडकीबाहेर सरोवराची, आत रश्शाची. माणसांचे चेहरे त्यात मऊ होऊन गेले. मला परत ते सगळं लांब जातंय असं वाटायला लागलं, आवाज पाण्याखाली गेले. त्या वाफेतून ओमुरझाकचा हात आला आणि माझ्यापुढं ताटली ठेवून गेला.

शेपटाकडचं हाड. दरवेळी तेच येतं. माझ्याआधी ज्या म्हातारीला मिळायचं ती गेली तेव्हापासून ते माझं. बायकांत जी सगळ्यांत मानाची, तिलाच हे हाड. मी आसिलकानपेक्षा एका उन्हाळ्यानं मोठी, वर पालिकेत बसते, त्यामुळं कधी प्रश्नच आला नाही. मी ताटलीकडे बघत राहिले. किती लहान असतं ते! मुठीत मावेल एवढं. खुब्यासमोर ठेवलं तर दिसणारही नाही. आणि तरी गावातली प्रत्येक बाई त्याच्यासाठी म्हातारी व्हायला तयार असते.

माझी झोप खाडकन उतरली.

"ओमुरझाक," मी म्हणाले. "तुझ्या त्या परवान्याच्या मेंढीला शेपूट लावायचं राहिलंय."

"काय एजे?"

"खुबा वाटलास, मांडी वाटलीस, बरगड्या वाटल्यास. शेपटाचं हाड कुठाय? बिनशेपटाची मेंढी कोणी पाहिलीय काय?"

मी ताटली उचलली आणि आसिलकानपुढं ठेवली. जेवणावरही आणि परवान्यातही हे तिचं, असं मोठ्यानं म्हणाले. कोणाला आक्षेप असेल तर आत्ता बोला. हाड लहान आहे, दरही लहान असेल, आणि हे खुब्यापेक्षा कमी मानाचं आहे असं ज्याला वाटत असेल त्यानं आपल्या आईसमोर जाऊन म्हणून दाखवावं.

"बायकांतलं पहिलं हाड आहे ते," जुमादिल घाईघाईनं म्हणाला. त्याच्या खुब्याला धक्का लागत नव्हता, त्याचं घोडं कशाला पेंड खाईल? "एजेलाच शोभतं."

ओमुरझाक माझ्याकडे बघत होता. त्याला कळलं होतं, हाडांच्या बाबतीत त्याला सगळं लगेच कळतं. "पण कुलिपा एजे, मेंढीला हे एकच असतं," तो म्हणाला. "एकच असतं मेंढीला."

"मला मोजता येतं."

"दिलंस तर दिलंस," कादिरकुल आजोबा हळूच म्हणाले. "परत मागता येत नाही. पुढच्या लग्नात, मयतीत, सगळीकडे ते तिच्यापुढं जाईल. जागासुद्धा."

"म्हणून तर उठतेय," मी म्हणाले.

आणि उठले. सांगते, सोपं नव्हतं. चांगलंच झोंबलं. वरच्या जागेवरून दारापर्यंतची ती खोली मला इतकी लांब कधी वाटली नव्हती. सगळे गुडघे आवरून मला वाट देत होते आणि कोणी माझ्याकडे बघत नव्हतं. दाराशी उकळत्या पाण्याच्या समोवारपाशी ओमुरझाकची सून चहा ओतत होती. "सरक गं," म्हटलं आणि तिच्या हातातली किटली घेतली. ती बिचारी घाबरून उभीच राहिली.

वर आसिलकान तशीच बसली होती. हाडाला हात लावला नव्हता. आजोबांनी तिला माझ्या रिकाम्या जागेकडे सरकायची खूण केली, तरी हलली नाही.

निदान चहा तरी द्यावा म्हणून मी वाटी घेतली. समोवारची वाफ तोंडावर येत होती, डोळे भरून आले होते, आणि त्या वाफेत मला आम्ही दोघी दिसत होतो, आरोग्यधामाच्या पायरीवर, पातेलं मांडीवर, सरोवर धुमसतंय. ती हसतेय. मी ओतत राहिले. वाटी पुढं दिली. एकानं घेतली, दुसऱ्याला दिली, दुसऱ्यानं तिसऱ्याला, अशी ती हातोहात वर जायला लागली आणि वाटेत एकेक आवाज बंद होत गेला. तेव्हा मी नीट बघितलं.

वाटी काठोकाठ भरली होती.

हे आमच्यात दुधपित्या पोरालाही ठाऊक असतं. चहा अर्धी वाटी ओतायचा, म्हणजे पाहुण्यानं पुन्हा मागावा, पुन्हा द्यावा, बसवून घ्यावं. काठोकाठ भरलेली वाटी म्हणजे पी आणि नीघ. मी तिला भर पंगतीत दार दाखवलं होतं. कोणी ती वाटी अडवू शकत नव्हतं, कोणाच्या ती लक्षात आली नाही असंही नव्हतं. प्रत्येकजण बोटं भाजून घेत ती पुढं देत होता.

आसिलकाननं वाटी दोन्ही हातांत घेतली. तिच्यात बघितलं. मग उठली. थेंब न सांडता, हळूहळू, त्या आवरलेल्या गुडघ्यांमधून दाराकडे यायला लागली. गेली, मी मनात म्हटलं. मॉस्कोला गेली.

ती माझ्यापाशी आली आणि माझ्या शेजारी जमिनीवर बसली.

"म्हातारे," म्हणाली, "जन्म गेला, तुला अजून चहा ओतता येत नाही."

"घालवत नव्हते गं तुला," मी म्हणाले आणि सगळ्यांसमोर रडायला लागले. "जाऊ नकोस. तू गेलीस तर मी काय करू इथं?"

"हे धक्क्यावर आली होतीस तेव्हा सांगायला काय झालं होतं? तोंडाला कुलूप होतं?"

तिनं एक रिकामी वाटी ओढली, आपल्यातला अर्धा चहा तिच्यात ओतला आणि माझ्या हातात दिली. मग मान वर करून हाक मारली, "ओमुरझाक, माझं हाड इकडं पाठव. मी इथं बसणार आहे. आणि दर लाव मला, शेपटाचा!"

ताटली हातोहात खाली आली. तिनं हाडावरचं मांस बोटांनी सोडवलं, चरबीचा चांगला मोठा घास केला आणि मी काही बोलायच्या आत माझ्या तोंडात कोंबला. वरच्या दोन्ही जागा रिकाम्याच राहिल्या. कादिरकुल आजोबांनी आशीर्वादासाठी तळवे उघडले, सगळ्यांनी उघडले. तोंड भरलेलं होतं, त्यात रडू आवरत नव्हतं, त्यामुळं मला आमीन म्हणता येईना. माझ्या वाटचं तिनंच म्हटलं.